धातू विकणारे आणि धातू घेणारे

बेळगावच्या उत्तरेला यमनापूरजवळ अल्युमिनाचा जो कारखाना आहे, त्याला लागणारा दगड बराचसा महाराष्ट्राच्या हद्दीतून येतो. चंदगड आणि राधानगरी तालुक्यांतल्या सड्यांवर, दुर्गमानवाडीसारख्या ठिकाणी, जांभ्याच्या थरात बॉक्साइट सापडतं. ते ट्रकांनी बेळगावला येतं, दळलं जातं, कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात विरघळवलं जातं आणि शेवटी पांढरी भुकटी हाती लागते. ढोबळ हिशेब असा, की दोन ते तीन टन बॉक्साइटमधून एक टन अल्युमिना निघतो आणि दोन टन अल्युमिनातून एक टन ॲल्युमिनियम. या शेवटच्या पायरीला टनामागे १३ ते १५ हजार युनिट वीज लागते. इंडियन ॲल्युमिनियम कंपनीने, म्हणजे ‘इंडाल’ने, १९७० च्या आसपास हा कारखाना सुरू केला तेव्हा धातू गाळण्याचा विभागही इथेच होता. विजेची टंचाई आणि विजेचा दर यांच्यापुढे तो विभाग टिकला नाही. अल्युमिना मात्र आजही निघतो. त्याच सड्यांवरचा दगड, तीच रसायनं आणि तेच गाव असताना धंद्याचा अर्धा भाग बुडाला आणि अर्धा तगला. कारण धातूच्या मागणीत नव्हतं, ते धातू काढायला येणाऱ्या खर्चात होतं. जगभरच्या खाण-कंपन्यांमध्ये पैसे घालू पाहणाऱ्याने ही गोष्ट आधी नीट समजून घ्यायला हवी.

या कारखान्याच्या मालकांची कहाणी आणखी पुढे नेते. इंडालमध्ये मोठा वाटा होता कॅनडाच्या ‘ॲल्कन’ कंपनीचा. २००० साली ॲल्कनने आपला ५४.६ टक्के हिस्सा हिंदाल्कोला विकला आणि बेळगावचा कारखाना बिर्ला समूहाकडे गेला. २००५ मध्ये ॲल्कनने पत्रे लाटण्याचा आपला धंदाही वेगळा काढला आणि त्याची ‘नोव्हेलिस’ ही स्वतंत्र कंपनी झाली. २००७ हे धातूंच्या तेजीचं वर्ष. त्या वर्षी हिंदाल्कोने सुमारे ६ अब्ज डॉलरना नोव्हेलिस घेतली आणि रिओ टिंटो या बलाढ्य खाण-कंपनीने सुमारे ३८ अब्ज डॉलर मोजून खुद्द ॲल्कन घेतली. जुलै २००८ मध्ये लंडनच्या बाजारात ॲल्युमिनियम टनाला ३,३०० डॉलरच्या आसपास होतं. २००९ च्या फेब्रुवारीत ते १,३०० च्या आसपास आलं. रिओ टिंटोला पुढे अनेक वर्षं या खरेदीचं मूल्य वह्यांमधून कमी करत जावं लागलं. जानेवारी २०१३ मध्ये कंपनीने ॲल्युमिनियम आणि मोझांबिकमधला कोळसा मिळून १४ अब्ज डॉलरची घट जाहीर केली आणि मुख्याधिकारी टॉम अल्बनीज यांना पायउतार व्हावं लागलं. ॲल्कनचे कारखाने वाईट नव्हते. कॅनडातली जलविद्युत त्यांच्याकडे होती आणि उत्पादनखर्च जगात कमी असणाऱ्यांत ते मोडत होते. चूक झाली ती दिलेल्या किमतीत. उत्तम खाण महाग घेतली की ती वाईट गुंतवणूक होते, हे शिकायला रिओ टिंटोच्या भागधारकांना कित्येक अब्ज डॉलर पडले.

नोव्हेलिसची अडचण वेगळ्या जातीची होती आणि या प्रकरणाचा मुख्य मुद्दा तिच्यातूनच निघतो. नोव्हेलिस खाणीतून काही काढत नाही. ती ॲल्युमिनियम विकत घेते, लाटते आणि शीतपेयांच्या डब्यांना लागणारा पत्रा विकते. डबे बनवणाऱ्या काही ग्राहकांशी तिने असे करार केले होते, की धातूचा भाव एका मर्यादेपुढे चढला तरी पत्र्याचा दर तितका चढणार नाही. भाव चढला आणि प्रत्येक टनामागे तोटा होऊ लागला. ज्या तेजीत ॲल्युमिनियम काढणारे न्हाऊन निघत होते, त्याच तेजीने ॲल्युमिनियम घेणाऱ्याला घाम फोडला. एकाच ॲल्कनच्या पोटातून निघालेल्या दोन धंद्यांची धातूच्या भावाबाबतची गरज परस्परविरुद्ध होती. म्हणून जागतिक खाण-फंड, म्हणजे जगभरच्या खाण-कंपन्यांचे शेअर घेणारा म्युच्युअल फंड, चांगला की वाईट, या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही. आधी विचारायला हवं, की पैसे घालणाऱ्याचं रोजचं उत्पन्न धातू विकून येतं, धातू विकत घेऊन येतं की धातूशी त्याचा संबंधच नाही. बेळगाव-निपाणी पट्ट्यात हे तिन्ही प्रकारचे लोक तासाभराच्या अंतरावर राहतात, आणि एजंट मात्र तिघांपुढे तेच एक माहितीपत्रक ठेवतो.

फंडाची रचना थोडक्यात सांगतो. भारतात या जातीचा परिचित फंड म्हणजे डिसेंबर २००९ मध्ये ‘डीएसपी ब्लॅकरॉक वर्ल्ड मायनिंग फंड’ या नावाने आलेला. गुंतवणूकदाराचे रुपये घेऊन तो ब्लॅकरॉकच्या परदेशातल्या ‘वर्ल्ड मायनिंग फंडा’चे युनिट घेतो. तो मूळ फंड १९९७ पासून चालू आहे. त्याचे व्यवस्थापक बीएचपी, रिओ टिंटो, ग्लेनकोर, वाले, फ्रीपोर्ट, न्यूमाँट अशा कंपन्यांचे शेअर घेतात आणि विकतात. लोहखनिज, तांबं, सोनं, ॲल्युमिनियम, निकेल असे अनेक धातू आणि ऑस्ट्रेलियापासून चिलीपर्यंतच्या खाणी एकाच युनिटमध्ये येतात. फंडातून फंडात जाण्याच्या या रचनेमुळे खर्चाचे दोन थर बसतात, एक इथल्या कंपनीचा आणि दुसरा मूळ फंडाचा. शिवाय परदेशी गुंतवणुकीवर रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून ७ अब्ज डॉलर. ती भरत आल्यामुळे फेब्रुवारी २०२२ मध्ये अशा योजनांना नवे पैसे घेणं थांबवावं लागलं होतं. दरमहा एसआयपी करणाऱ्याने एवढं गृहीत धरावं, की हे दार अधूनमधून बंद होतं आणि ते कधी बंद होईल यावर त्याचा ताबा नाही.

धातू आणि धातूची कंपनी यांतला फरक अनेकांच्या लक्षात येत नाही. समजा एका तांब्याच्या खाणीला एक टन तांबं काढायला ६,००० डॉलर खर्च येतो आणि भाव ९,००० आहे. नफा ३,०००. भाव ७,५०० वर आला, म्हणजे सहाव्या हिश्शाने पडला, तर नफा १,५०० वर येतो, म्हणजे निम्मा होतो. भाव ६,००० ला टेकला की कंपनी फुकट राबते आणि वर कर्ज असेल तर व्याज कुठून भरायचं हा प्रश्न उभा राहतो. चढत्या बाजारात हीच गुणाकाराची गंमत उलट्या दिशेने फायदा देते, म्हणून तेजीत या फंडांचे परतावे डोळे दिपवतात. २०११ च्या फेब्रुवारीत तांबं १०,००० डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१६ मध्ये ४,४०० च्या आसपास आलं. लोहखनिज याच काळात टनाला सुमारे १९० डॉलरवरून ४० च्या खाली गेलं. ग्लेनकोर मे २०११ मध्ये ५३० पेन्सने बाजारात आली. २०१५ च्या सप्टेंबर महिन्यात एकाच दिवसात तिचा शेअर जवळपास ३० टक्के पडला आणि भाव ७० पेन्सच्या खाली गेला. २००९ च्या अखेरीस १० रुपयांना विकलेलं खाण-फंडाचं युनिट २०१६ च्या सुरुवातीला १० रुपयांच्या पुष्कळ खाली होतं. त्याच काळात दहा ग्रॅम सोनं सुमारे १७,००० रुपयांवरून २६,००० च्या आसपास गेलं होतं.

या तोट्याला रुपयाने थोडी उशी दिली, हेही नोंदवायला हवं. फेब्रुवारी २०११ मध्ये डॉलर सुमारे ४५ रुपयांना होता, पाच वर्षांनी ६७ च्या पुढे. १०,००० डॉलरचं तांबं म्हणजे तेव्हाचे साडेचार लाख रुपये, ४,४०० डॉलरचं म्हणजे नंतरचे सुमारे दोन लाख ९५ हजार. डॉलरमध्ये ५६ टक्के पडलेला भाव रुपयात ३४-३५ टक्केच पडलेला दिसतो. ज्याची जमीन, घर, ठेवी आणि मिळकत सगळी रुपयात आहे, त्याने थोडा पैसा रुपयाबाहेर ठेवावा, या म्हणण्यात तथ्य आहे. पण त्यासाठी खाणीच घ्यायला हव्यात असं नाही, कोणताही परदेशी फंड ते काम करतो.

आता उद्यमबागेकडे या. उद्यमबाग, मच्छे आणि आसपासच्या फाउंड्र्यांमधून वाहनांचे, पंपांचे, व्हॉल्व्हचे, यंत्रांचे कास्टिंग देशभर जातात. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि निपाणीपासून हाकेच्या अंतरावरची कागलची पंचतारांकित वसाहत धरली, तर हा पट्टा ओतीव लोखंडाचं देशातलं एक मोठं केंद्र ठरतो. भट्टीत पडणारं पिग आयर्न कोप्पळजवळच्या किर्लोस्कर फेरसकडून किंवा गोव्यातल्या आमोण्याहून येतं, आणि सोबत स्क्रॅप, बोरिंग, फेरोसिलिकॉन. कास्टिंगचा सौदा किलोच्या दराने होतो. समजा महिना २०० टन काढणारी फाउंड्री आहे आणि कच्चा माल किलोमागे १० रुपयांनी चढला. महिन्याला २० लाखांचा बोजा. मोठा ग्राहक दरवाढ देतो, पण बहुधा पुढच्या तिमाहीत, आणि मागची थकबाकी देईलच असं नाही. तीन महिन्यांत ६० लाख रुपये फाउंड्रीवाल्याच्या खेळत्या भांडवलातून जातात, म्हणजे पर्यायाने बँकेच्या सीसीमधून (कॅश क्रेडिटमधून). नोव्हेलिसच्या पत्र्याची आणि उद्यमबागेतल्या ब्रॅकेटची व्यथा एकच आहे, रक्कम तेवढी लहान.

अशा माणसाला खाण-फंड सुचवणारा सल्लागार म्हणेल, की धातू महागला की धंद्यात जाईल, पण फंडात येईल. युक्तिवाद सुबक आहे आणि अर्धा खराही आहे. पण आकडे मांडले की त्याची ताकद कळते. वरच्या फाउंड्रीवाल्याने ५० लाख फंडात ठेवले आणि तेजीत त्याला २० टक्के मिळाले, तर हाती आले १० लाख. नुकसान ६० लाखांचं. ते पुरतं भरून काढायचं तर ३ कोटी फंडात अडकवावे लागतील, आणि एवढे पैसे मोकळे असतील तर ते कर्ज फेडण्यात घालणं जास्त शहाणपणाचं. दुसरी अडचण अशी, की बेळगावच्या भट्टीत पडणाऱ्या लोखंडाचा भाव जगाच्या भावामागे इमानदारीने चालत नाही. जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेल्लारीतलं खाणकाम थांबवलं. लोकायुक्त संतोष हेगडे यांच्या अहवालाने बेकायदा उत्खननाचा जो पसारा उघड केला होता, त्यानंतर ते अटळच होतं. त्या वेळी कर्नाटकातल्या कारखान्यांना खनिज मिळेना, आणि थोड्याच दिवसांत जगातले खाण-शेअर मात्र पडू लागले. इथे टंचाई, तिथे मंदी. मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने लोहखनिजावर ५० टक्क्यांपर्यंत आणि पिग आयर्नवर १५ टक्के निर्यातशुल्क लावलं, ते नोव्हेंबरात काढलं. अशा निर्णयांनी इथला भाव हलतो, पण ऑस्ट्रेलियातल्या खाणीला त्याचं सोयरसुतक नसतं. तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. जगभर मंदी येते तेव्हा, २००८ च्या अखेरीस आली तशी, धातूही पडतो आणि कास्टिंगच्या ऑर्डरीही थांबतात. तेव्हा फाउंड्रीवाल्याला पैशाची खरी निकड असते आणि नेमकं तेव्हाच युनिट तोट्यात विकावं लागतं. म्हणून माझं मत असं, की फाउंड्रीवाल्यासाठी हा फंड धंद्याचा विमा होऊ शकत नाही. बचतीचा एक लहानसा तुकडा म्हणून तो ठेवायला हरकत नाही, पण ‘आपण लोखंडातले, आपल्याला धातू कळतो’ या भरवशावर मोठी रक्कम घालणं चुकीचं. पिग आयर्नच्या दराची पारख वेगळी आणि पेरूमधली तांब्याची खाण कुठल्या किमतीला घ्यावी याची पारख वेगळी.

धातू विकणाऱ्यांच्या बाजूच्या लोकांनी तर या फंडापासून लांबच राहावं. यमनापूरच्या कारखान्यात नोकरी, वर्षानुवर्षं जमवलेले हिंदाल्कोचे शेअर, आणि त्यावर पुन्हा खाण-फंड असं ज्याच्याकडे असेल, त्याने एकाच फांदीवर तीन घरटी बांधली आहेत. गोव्यात हे किती महागात पडतं ते सगळ्यांनी पाहिलं. २०१२ मध्ये तिथलं खाणकाम थांबलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द झालं. १६ मार्चपासून सगळं पुन्हा बंद. ज्यांनी कर्ज काढून टिपर घेतले होते, बार्ज बांधले होते, त्यांचं उत्पन्न आणि मालमत्ता एकाच आठवड्यात थिजली. हा धोका फक्त आपल्याकडचा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये पनामाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘कोब्रे पनामा’ या प्रचंड तांब्याच्या खाणीचा करार घटनाबाह्य ठरवला. खाण बंद झाली आणि ती चालवणाऱ्या फर्स्ट क्वांटम कंपनीचा शेअर काही आठवड्यांत निम्म्याहून खाली आला. कारखाना उचलून दुसऱ्या राज्यात नेता येतो, खाण नेता येत नाही. म्हणून एका खाण-कंपनीचा शेअर घेण्यापेक्षा चाळीस-पन्नास कंपन्यांचा फंड घेणं निश्चितच बरं, आणि फंडाच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे. कोब्रे पनामा एका कंपनीला अर्धमेलं करू शकते, फंडाला ओरखडा काढते.

धातूशी काहीच देणंघेणं नसलेला माणूस निपाणीत भेटतो. तंबाखूची शेती, वखारी, विडीचा धंदा यांवर इथली पिढ्यान्‌पिढ्यांची मिळकत उभी आहे. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी इथे जे आंदोलन झालं आणि एप्रिलमध्ये ज्यात गोळीबारात शेतकरी मारले गेले, ते भाव कोण ठरवतो या प्रश्नावरूनच. अशा घराची बचत साधारणपणे जमिनीत, सोन्यात आणि पतसंस्थेच्या ठेवीत असते. तांबं चढलं काय, पडलं काय, त्याच्या पिकाला फरक पडत नाही. त्यामुळे थोडा पैसा खाण-फंडात ठेवला तर त्याला खऱ्या अर्थाने वेगळी टोपली मिळते. आणि त्याच्याकडे एक समज आधीपासून असते. तंबाखूला एखाद्या वर्षी चांगला भाव लागला की पुढच्या हंगामात जो तो तंबाखूच लावतो, माल उदंड होतो आणि भाव कोसळतो, हे त्याने हयातभर पाहिलेलं असतं. खाणीचा धंदाही याच चालीने चालतो, फक्त लावणी आणि काढणी यांच्यात दहा-पंधरा वर्षं जातात. भाव चढल्यावर कंपन्या कर्ज काढून नव्या खाणी उघडायला घेतात. त्या तयार होईपर्यंत तेजी संपलेली असते, आणि नवं उत्पादन पडत्या बाजारात येऊन भाव आणखी पाडतं. २००३ ते २०११ च्या चिनी मागणीच्या काळात ठरलेल्या लोहखनिजाच्या खाणींचा माल २०१३ नंतर बाजारात आला आणि त्याचं फळ २०१५ मध्ये सगळ्यांनी भोगलं. हुपरीच्या चांदीवाल्यांची, म्हणजे चांदीचे दागिने घडवणाऱ्यांची, स्थिती मात्र फाउंड्रीवाल्यासारखीच, तेही कच्चा माल घेऊन मजुरीवर जगतात. फरक एवढाच, की चांदी त्यांच्या हाताखाली रोज असते आणि तिच्या भावाचा धोका ते आपल्या परीने सांभाळत आलेले आहेत.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: यापुढचा काळ वेगळा आहे. विजेवरची वाहनं, सौरऊर्जा, पारेषणाच्या तारा, डेटा सेंटरं, सगळ्यांना तांबं आणि ॲल्युमिनियम लागणार. नव्या मोठ्या खाणी सापडत नाहीत, मग भाव पडणार कसे? मागणी वाढेल हे मला मान्य आहे. पण चीनची लोहखनिजाची आयात २०११ ते २०१५ या वर्षांतही वाढतच होती, तरी लोहखनिज कोसळलं. भागधारकाला मिळणारा पैसा मागणीवर अवलंबून नसतो. तो मागणी आणि पुरवठा यांतल्या फरकावर आणि आपण शेअरला मोजलेल्या किमतीवर अवलंबून असतो. जी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे ती किमतीत आधीच धरलेली असते. या आक्षेपात दम आहे तो दुसऱ्याच ठिकाणी. २०१५ च्या दणक्यानंतर मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला, कर्ज फेडलं आणि नव्या खाणींपेक्षा लाभांशाला महत्त्व दिलं. २०२४ मध्ये बीएचपीने अँग्लो अमेरिकन घ्यायचा प्रयत्न केला तो मुख्यतः तिच्या तांब्याच्या खाणींसाठी. नवी खाण खोदण्यापेक्षा तयार खाण विकत घेणं सोपं, असं खुद्द जाणकारांना वाटतंय याचा अर्थ पुरवठा सहजी वाढणार नाही. ही या फंडाची खरी जमेची बाजू. उलट ज्या वर्षी कंपन्या पुन्हा ढीगभर कर्ज काढून एकमेकींना विकत घेऊ लागतील किंवा नव्या खाणींच्या घोषणांची रांग लागेल, त्या वर्षी नवे पैसे घालणं थांबवावं. फंड-व्यवस्थापकाला आपण जे शुल्क देतो ते हे ओळखण्यासाठी. ते त्याला दर वेळी जमतं असं नाही, कारण फंड खाणींचाच असल्याने सगळेच शेअर महाग झाले तरी तो खाणी सोडून बँकांचे शेअर घेऊ शकत नाही. बाहेर पडण्याचा निर्णय शेवटी गुंतवणूकदारालाच घ्यावा लागतो.

मग सोनंच काय वाईट, असं सीमाभागातलं कोणतंही घर विचारेल. आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांचा हिशेब त्याच्या बाजूने आहे. सोनं आणि सोन्याची खाण यांतलं अंतर समजायला कोलार पुरेसं आहे. तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या त्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाल्या, कारण सोनं विकून येणाऱ्या पैशापेक्षा ते काढायचा खर्च जास्त होता. त्या वेळी जागतिक भाव औंसाला २७० डॉलरच्या आत होता. पुढच्या दहा वर्षांत तो पाच पटीहून जास्त झाला. ज्याच्या घरात सोनं होतं त्याला काहीही न करता ते मिळालं, आणि ज्या खाणीने १२० वर्षं सोनं दिलं तिला ही तेजी पाहायलाच मिळाली नाही. संकटकाळी तारणारं धन म्हणून खाण-फंड सोन्याची जागा घेऊ शकत नाही. बँकेत तो सोन्यासारखा सहज गहाणही पडत नाही. तो शेअरबाजाराचाच एक तीव्र, चढउताराचा भाग आहे आणि त्याला पैसे शेअरच्या वाट्यातून द्यावेत, सोन्याच्या नव्हे.

शेवटचा आक्षेप पैशांचा नाही, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. खाण म्हणजे डोंगर पोखरणं, पाणी गढूळ करणं, माणसं हलवणं. आपल्या पश्चिम घाटातल्या सड्यांवर पावसाळ्यात फुलणारी रानफुलं आणि खाली गावांना पाणी पुरवणारे झरे याच जांभ्याच्या थरावर अवलंबून आहेत. २५ जानेवारी २०१९ ला ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो इथे वाले कंपनीचं गाळाचं धरण फुटलं आणि २७० माणसं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये झारखंडात मुरीला हिंदाल्कोच्या अल्युमिना कारखान्यातला लाल गाळाचा साठा कोसळला. असाच लाल गाळ बेळगावलाही दर टनामागे निघतो. मे २०२० मध्ये रिओ टिंटोने ऑस्ट्रेलियात जूकन दरीतल्या आदिवासींच्या हजारो वर्षं जुन्या गुहा सुरुंगाने उडवल्या आणि त्यावरून मुख्याधिकाऱ्याला जावं लागलं. फंडात पैसे घातल्याने आपण या सगळ्याचे भागीदार होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. घरातली तार, पातेलं आणि मोटार याच खाणींतून येते, हे उत्तर खरं असलं तरी पुरेसं नाही. पुरेसं उत्तर असं, की ज्यांना हे पटत नाही त्यांनी या फंडात जाऊ नये, त्यांचं आर्थिकदृष्ट्या फारसं काही बिघडणार नाही. जे जातील त्यांनी फंडाच्या अहवालात गाळाची धरणं, पाणी आणि स्थानिकांचे हक्क याबाबत व्यवस्थापकाने काय केलं ते शोधावं. ब्रुमाजिन्योनंतर बाजार उघडला त्या दिवशी वालेचा शेअर ब्राझीलमध्ये सुमारे एक चतुर्थांश पडला. बेपर्वाई भागधारकाच्याही खिशातून वसूल होते.

कराचं गणित अलीकडे सुधारलं आहे. २०२४ च्या अर्थसंकल्पातल्या बदलानुसार, एप्रिल २०२५ पासून अशा परदेशी फंडांतली गुंतवणूक दोन वर्षांहून जास्त काळ ठेवली तर नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. त्याआधी विकली तर आपल्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. एजंटाकडून ‘रेग्युलर’ घेण्यापेक्षा ‘डायरेक्ट’ प्लॅन घेतला तर दोन थरांच्या खर्चातला थोडा तरी वाचतो. किती पैसे घालावेत याबाबत माझं मत स्पष्ट आहे: तंबाखूवाल्याने, शिक्षकाने, डॉक्टरने शेअरबाजारातल्या आपल्या एकूण पैशाच्या पाच टक्क्यांपुढे जाऊ नये, फाउंड्रीवाल्याने त्याच्या निम्म्यावर थांबावं, आणि ज्याचं उत्पन्न खाणीवर किंवा धातूच्या कारखान्यावर आहे त्याने यात पडूच नये. सात-आठ वर्षं हात लावावा लागणार नाही असेच पैसे घालावेत. आणि धातूशी धंद्याचा संबंध असणाऱ्यांना एक विनंती: अर्जावर सही करण्याआधी गेल्या पाच वर्षांची कच्च्या मालाची खरेदीबिलं काढा, त्या त्या मार्चअखेरचा फंडाचा एनएव्ही शेजारी लिहा, आणि ज्या वर्षी तुमची सीसी काठोकाठ भरली होती त्या वर्षी फंड वर होता की खाली ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.